दोघांनी चालवायची गाडी

लग्न लागल्यावर चुडाव्याहून जिंतूरला मी ज्या गाडीतून आले, तिला दोनच दारं होती. मागं बसायचं तर पुढची सीट पाडायची आणि वाकून आत शिरायचं. अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या, हातात नारळ अशा अवतारात मी आत शिरत होते आणि माहेरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. माझ्या चुलतभावानं टपावर टिचकी मारली आणि म्हणाला, "अक्का, ही तर प्लास्टिकची हाय."

मग आणखी दोघांतिघांनी टिचक्या मारून बघितल्या. पत्र्याचा आवाज येतच नव्हता. गच्चीवरची रिकामी पाण्याची टाकी वाजवावी तसा आवाज येत होता.

"प्लास्टिक न्हाई, फायबर हाय," स्टिअरिंगवर बसलेले माझे सासरे शांतपणे म्हणाले. "गंजत न्हाई."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते जनावरांचे डॉक्टर. जिंतूरच्या आसपासची गावं त्यांच्याकडं होती. गाडीचं नाव डॉल्फिन. खाली कर्नाटकात ती कधीतरी बनायची, फार खपली नाही आणि बनायची थांबली, एवढंच आम्हाला ठाऊक. येलदरीच्या वीजकेंद्रावरच्या एका इंजिनिअर साहेबांची ती होती. त्यांची कोकणात बदली झाली, गाडी तिकडं न्यायची नव्हती आणि इथं कुणी घ्यायला तयार नव्हतं. "कुणीच घेईना म्हणून मी घेतली," असं मामा सांगायचे. एखाद्याच्या दारात सोडून दिलेलं वासरू घरी आणावं तशी त्यांनी ती आणली होती.

गावात तिला सगळे 'टाकी' म्हणायचे. टाकी आली, टाकी गेली. मामांना टाकीवाले डॉक्टर म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. माझ्या नवऱ्याला मात्र फार वाटायचं. हे बँकेत मोटारसायकलवर जायचे, पावसात भिजत जायचे, पण त्या गाडीत बसायचे नाहीत. मीही पहिलं वर्षभर शक्यतो टाळलंच. माहेरी जायचं झालं की म्हणायचे, एसटीनं जाते मामा, तुम्हाला कशाला तरास.

माझं मन फिरलं ते एका म्हशीमुळं.

कापसाची वेचणी चालू होती आणि अवेळी पाऊस झाला होता. सकाळीच एका शेतकऱ्याचा निरोप आला की म्हैस अडलीय. मामांचा दवाखान्यातला माणूस रजेवर होता. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चलतीस का गं? गरम पाणी, साबण हाताशी द्यायला कुणीतरी पाहिजे." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "जा, बघ तरी ते काय करतात." मी पदर खोचला, मागच्या सीटवर शिरले आणि गेले.

आमच्याकडची काळी माती पावसात कशी होते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. ती चिखल होत नाही, ती धरून ठेवते. शेताकडं वळलो तर रस्त्यात एक मोठी जीप रुतून बसली होती आणि तिचा मालक ट्रॅक्टरची वाट बघत बिडी ओढत होता. मामांनी गाडी बाजूनं काढायला बघितली आणि आम्हीही रुतलो. मामांनी एकदा चाक फिरवून बघितलं, मग इंजिन बंद केलं. शेजारच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. मामांनी काच खाली करून हाक दिली, "ए बायांनो, जरा हात लावता का? पलीकडं म्हैस अडलीय."

कमरेला कापसाचे ओटे बांधलेल्या पाच-सहा जणी आल्या. मला वाटलं ढकलतील. त्यांनी ढकललं नाही. दोघी पुढून, बाकीच्या मागून वाकल्या आणि त्यांनी गाडी उचलली. मामा आणि मी आत बसलेले असताना. उचलून कडेच्या दगडगोट्यांवर ठेवली आणि मग स्वतःच्याच कर्तृत्वावर इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं.

"डॉक्टर, टोपल्यावानी हाय की तुमची गाडी," ती म्हणाली.

"म्हणून तर घेतली," मामा म्हणाले.

जीपवाला बिडी हातात धरून बघत राहिला. आम्ही वेळेत पोचलो. मामांचा हात खांद्यापर्यंत आत होता आणि ते म्हशीशी हळू आवाजात बोलत होते, "झालंच बाई, झालंच." पारडू बाहेर आलं, मालकिणीनं त्याचं नाक पुसलं, आम्हाला चहा दिला. परत येताना मी कुणी न सांगता पुढच्या सीटवर बसले होते. चिखलानं माखलेलं ते हलकं धूड घराकडं निघालं होतं आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी आपली आहे.

त्यानंतर बरीच वर्षं मी मामांबरोबर अधूनमधून जायचे. मुलगी झाली, शाळेत जायला लागली. आत्या गेल्या. मामा निवृत्त झाले, तरी लोक बोलवायचे आणि ते जायचे. मग एका सकाळी अंघोळीहून येताना ते पडले. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. परभणीला दवाखान्यात राहून आले, बोलणं सुधारलं, काठी घेऊन चालायला लागले, पण डावा पाय तसाच जड राहिला. क्लच दाबण्याचं त्या पायात बळ नव्हतं.

गाडी अंगणात पत्र्याखाली उभी असायची. मामा रोज सकाळी काठी टेकत तिथपर्यंत जायचे, दार उघडून स्टिअरिंगवर बसायचे. इंजिन चालू करायचे, थोडा वेळ ऐकायचे, बंद करायचे. मी खिडकीतून बघायचे.

एके दिवशी चहाला बोलवायला गेले तर ते डावीकडच्या सीटवर बसले होते.

"बस," ते म्हणाले.

"कुठं?"

"तिकडं. स्टिअरिंगवर."

"मामा, मला कुठं येतंय?"

"क्लच तू दाब. गेर मी टाकतो." उजवा हात त्यांनी दांड्यावर ठेवला. "तेवढा हात हाय माझा अजून."

जनावरांच्या बाजाराचं मैदान बाजाराचा दिवस सोडला तर मोकळंच असतं. तिथं आम्ही दोघं मिळून एक गाडी चालवायला शिकलो. पाय माझे, स्टिअरिंग माझं, गेर मामांचा. मी क्लच दाबून "हं" म्हणायचे, ते गेर टाकायचे, मी क्लच सोडायचे. सुरुवातीला माझा "हं" उशिरा यायचा नाहीतर त्यांचा हात आधीच पुढं जायचा, गाडी कर्र करून ओरडायची आणि बंद पडायची. मी रडकुंडीला यायचे. मामा मात्र कधी चिडले नाहीत. जनावरांशी बोलायचे त्याच आवाजात म्हणायचे, "घाबरू नको. ती कुठं पळून जायलीय?"

ती खरंच गरीब गाडी होती. स्टिअरिंग इतकं हलकं की दोन बोटांनी फिरावं. बैलगाडी वळत नाही तेवढ्या जागेत ती वळायची. माझ्यासारख्या, पस्तिशी उलटून गेल्यावर शिकणाऱ्या बाईला तिनं सांभाळून घेतलं.

हळूहळू आम्ही रस्त्यावर आलो. मग रोज दुपार कलली की येलदरीच्या बाजूला निघायचं असं ठरूनच गेलं. आता "हं" म्हणायचीही गरज राहिली नव्हती. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय आणि त्यांचा हात बरोबरच हलायचे. वाटेतली गावं गाडी ओळखत होती. टाकी दिसली की लोक हात करून थांबवायचे. मामांना खाली उतरणं अवघड, म्हणून जनावर गाडीपाशी यायचं. ते काचेतून हात बाहेर काढून गाईचा कान चाचपायचे, डोळ्याची पापणी उलटून बघायचे. एका म्हातारीनं तर शेळी उचलून खिडकीशी धरली होती. शेळीनं आत तोंड घालून मामांच्या उपरण्याचं टोक चावायला घेतलं. "भूक चांगली हाय," मामा म्हणाले, "हिला काई झालं न्हाई."

येलदरी धरणाकडं जाताना थोडा चढ लागतो. एकदा तिथं इंजिनाचा आवाज दबला, मी क्लच दाबला आणि गेर पडलाच नाही. बघितलं तर मामांचा हात मांडीवर होता आणि ते खिडकीबाहेर पाण्याकडं बघत होते. गाडी मागं सरकेल म्हणून मी घाईनं दांडा धरला आणि खाली ओढला. गेर पडला. गाडी चढून गेली.

बाहेरच बघत ते म्हणाले, "येतंय की तुला."

"कधीचं येतंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंगणातून निघताना मी दांड्याकडं हात नेला तर त्यांचा हात आधीच तिथं होता. "आज मी टाकतो," ते म्हणाले. मग शेवटपर्यंत तेच टाकत राहिले.

मामा गेले ते झोपेतच गेले, सकाळी. त्यानंतर गाडी पत्र्याखालून बाहेर निघालीच नाही; मी अधूनमधून इंजिन तेवढं चालू करून बघायचे. ह्यांनी नवी गाडी घेतली, पांढरी, चार दारांची. पुढं एका वादळात लिंबाची फांदी पत्रा फोडून खाली आली आणि डॉल्फिनचा पुढचा एक पंखा, चाकावरचा भाग, तडकून तुटला. हे म्हणाले, "आता देऊन टाकू." मी नाही म्हणाले नाही. भंगारवाला आला. त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं, दाराला लावलं, पडलं. टपाला लावलं, घसरलं. तो ह्यांच्याकडं वळून फार दुःखानं म्हणाला, "साहेब, यात लोखंडच न्हाई. मी काय नेऊ?"

हे हसायला लागले. मामा गेल्यापासून ह्यांना असं मी हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता पायरीवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

"कॉलेजात पोरं मला टाकीवाल्याचा म्हणायची," ते म्हणाले. वडिलांना हे दादा म्हणायचे. "दादा न्यायला आले की मी मागच्या दारानं निघून जायचो. दादा तिथंच उभे असायचे."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग मी म्हणाले, "येलदरीला होड्या दुरुस्त करणारा एक जण आहे. फायबरच्या. विचारून बघायचं का?"

तुटक्या पंख्यानिशी गाडी मीच चालवत नेली आणि हे माझ्या शेजारी बसले. घरापासून धरणापर्यंत त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, परीक्षेला बसल्यासारखे. होडीवाल्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "गाडी कधी केली न्हाई," तो म्हणाला, "पण हीबी होडीच दिसायलीय मला." त्यानं कापडाचे थर चढवले, राळ ओतली, घासलं. त्याच्याकडं होडीचा हिरवा रंग होता तोच दिला. बाकी गाडी फिकट निळी, एक पंखा हिरवा. आम्ही तो तसाच ठेवला.

आमच्या शेजारी एक अंगणवाडीताई राहते. तिनं हे सगळं कुंपणावरून बघितलं होतं. एक दिवस ती लाजत आली आणि म्हणाली, "ताई, मला शिकवता का? आमचे म्हणतात, गाडीला ओरखडा आला तर कोण बघणार." मी म्हणाले, "हिला आला तर होडीवाला बघतो." तिला शिकवलं. मग तिची जाऊ आली, मग पलीकडच्या गल्लीतली एक नर्स. बाजाराच्या मैदानात आता दुपारी आमचीच गर्दी असते.

गेल्या महिन्यात अंगणवाडीताई एकटी गाडी घेऊन मानवतला आईकडं गेली. मी दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी गाडी आली तेव्हा पुढं कुंकवाची बोटं होती आणि मागच्या सीटवर बोरांची पिशवी.

"आईनं ओवाळलं," ती म्हणाली. "मला न्हाई, गाडीला. मला म्हणाली, तू नंतर."

मग चावी माझ्या हातात ठेवता ठेवता थांबली. "परवा आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. नेऊ का?"

"ने की," मी म्हणाले आणि बोरं धुवायला आत गेले.