मकरेसाहेबांचा पाहुणा

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या ठाऊक होत्या. ही एक सोडून. ती गेली तेव्हाही ही माझ्यापाशीच राहिली. आता तुम्हाला सांगतो आहे – का, ते मलाही नीट उमगलेलं नाही.

मला माणसांचे आवाज काढता येतात. लहानपणापासून. साखरशेतहून जव्हारच्या शाळेत आलो तेव्हा माझ्या बोलण्याला वर्ग हसला. महिन्याभरात मी मास्तरांसारखं बोलायला लागलो – तसाच सूर, तशीच वाक्याच्या शेवटी मान तुकवायची लकब. मग कुणी हसलं नाही. माणूस दुसऱ्याची बोली घेतो तेव्हा नेमकं काय घेतो? जीभ? जबडा? की त्याचा स्वतःवरचा विश्वास? मला याचं फार कुतूहल होतं. आजही आहे.

जव्हार संस्थानच्या बांधकाम खात्यात मी कारकून झालो आणि मकरेसाहेबांच्या हाताखाली आलो. त्यांचं नाव मॅकरे. ते स्कॉटलंडचे. रस्ते आणि पाण्याची कामं त्यांच्याकडे. बाजारातल्या लोकांनी त्यांना मकरे करून टाकलं आणि साहेबांनी ते आनंदानं मान्य केलं. त्यांचं इंग्रजी ऐकलं आणि मी चकित झालो. पुस्तकात आम्ही शिकलो ते इंग्रजी असं नव्हतं. त्यांचा ‘र’ आपल्यासारखाच – खणखणीत, जिभेच्या टोकावर. ‘व्हॉट’ला ते ‘ह्वॉट’ म्हणत, आणि तळ्याला त्यांच्याकडचा शब्द ‘लॉख’ म्हणताना शेवटी घशातून ‘ख’ काढत. मराठी तोंडाला हे अवघड नाही. अवघड होती ती चाल. वाक्य उतारावर सोडायचं आणि शेवटच्या शब्दाला हळूच वर उचलायचं. ती चाल बसायला मला काही वर्षं लागली. रानातून घरी परतताना मी झाडांशी मकरेसाहेब होऊन बोलत असे.

संस्थान विलीन झालं. मी तालुका कचेरीत गेलो. साहेब निवृत्त झाले, पण जव्हार सोडून गेले नाहीत. भाड्याचं छोटं घर, पुढे ओसरी, आणि स्वयंपाकाला सूर्यमाळची सोनीबाई. ती विधवा होती, मागच्या खोलीत राहायची. साहेब तिच्या हातची नाचणीची भाकरी मुरंब्याशी खायचे आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. पुढे काचबिंदूनं साहेबांचे डोळे गेले. मग कचेरी सुटली की मी जायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ते गावाकडच्या गोष्टी सांगायचे. दगडी पूल, पुलापलीकडे वडलांची पिठाची गिरणी, धाकटा भाऊ ॲलन. गिरणीवरून दोघांचं वाजलं होतं. त्यानंतर भावाचं ना पत्र, ना निरोप. ते नाव आलं की साहेब ‘पुढे वाच’ म्हणत, आणि मी पुढची बातमी वाचायला घेई.

त्या सुमाराला विहिरींची पाहणी करायला एक तरुण अमेरिकन आला. मोखाड्याकडच्या पाड्यांवर त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून मला पाठवलं. तो ‘वॉटर’ला ‘वाडर’ म्हणायचा, ‘र’ गिळून तोंडात फिरवायचा. दोन दिवसांत मी त्याला त्याचाच आवाज ऐकवला. तो खूप हसला. म्हणाला, “छान आहे, पण सिनेमातला वाटतोस. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही फसवू शकणार नाहीस.” मी त्याला मकरेसाहेबांचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, “हा मला खरा वाटतो. पण मी स्कॉटिश कुठे आहे? त्यांना ऐकव ना.”

एवढंच. एवढ्यानं माझ्या डोक्यात ते शिरलं. परक्याला फसवणं सोपं असतं, पण ज्याची बोली आहे त्याच्यासमोर आपण किती वेळ टिकू? तुम्हाला नसतं वाटलं बघावंसं?

सोनीबाई लग्नाला सूर्यमाळला गेली होती. भर दुपार. मी अमेरिकनाचे बूट मागून घेतले – साहेबांना माझ्या वहाणांचा आवाज ओळखू येई. तोंडाचा वासही ओळखू येऊ नये म्हणून लवंग चघळली. ओसरीवर साहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. मी छातीतून आवाज काढला आणि म्हणालो, मी प्रवासी आहे, मुंबईहून नाशिककडे चाललोय, इथे आपल्याकडचे एक गृहस्थ राहतात असं ऐकलं म्हणून थांबलो.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला. माझे हात गाडीच्या ग्रीसनं बरबटलेत, असं सांगून मी तो टाळला.

ते म्हणाले, “बोल. काहीही बोल.”

मी बोललो. हवेबद्दल, बोटीबद्दल, घाटातल्या वळणांबद्दल. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मी काय पाहत होतो? माझा ‘र’ टिकतोय का. माझी चाल उतरतेय का.

मग त्यांनी विचारलं, “कुठल्या गावचा?”

स्कॉटलंडमधलं एकच गाव मला ठाऊक होतं. तेच सांगितलं. त्यांचंच.

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “तू अगदी आमच्या घरातल्यासारखा बोलतोस.”

खरंच होतं ते. मी स्कॉटलंडची बोली शिकलोच नव्हतो, एका माणसाची शिकलो होतो. तोच माणूस आता स्वतःचा आवाज माझ्या तोंडून ऐकत होता आणि त्याला तो माहेरचा वाटत होता. परीक्षा संपली होती. मी पास झालो होतो. मला तिथे थांबता आलं असतं.

“गिरणी चालू आहे?”

“आहे.”

“ॲलन – ॲलन आहे?”

“आहे.”

ते चाचपत परत खुर्चीत बसले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “माझं नाव काढतो कधी?”

‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘ठाऊक नाही’ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “काढतो. अजून तुमची वाट बघतो.”

दया आली म्हणून म्हणालो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. त्या इंग्रजी वाक्याला सुरेख उतार होता, शेवटच्या शब्दाला उचलायला जागा होती. वाक्य जमलं म्हणून म्हणालो.

संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन गेलो तर साहेब ओसरीवर येरझारा घालत होते. मला सगळं सांगितलं त्यांनी – माझंच मला. म्हणाले, “मी घरी जाणार.” मी वर्तमानपत्र उघडलं. सांगून टाकायला ती एक संध्याकाळ पुरेशी होती. त्यानंतरही पावसाळाभर अशा संध्याकाळी होत्या. बोटीचं तिकीट काढायला मुंबईला मीच गेलो.

निघायच्या दिवशी सोनीबाई एस.टी.पाशी उभी होती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मला म्हणाली, “त्यांना डोळं नाय. तिकडं भाकरी कोण देल?”

मी म्हणालो, “भाऊ आहे.”

पुढल्या वर्षी साहेबांच्या पुतणीचं पत्र आलं. ॲलन महायुद्धाच्या आधीच वारला होता. गिरणी विकलेली, पुलाजवळ ओळखीचं कुणी उरलेलं नाही. काका आमच्याकडे एका खोलीत आहेत, थंडी सोसत नाही, तुमच्या गावाबद्दल सारखं बोलतात. तो पाहुणा कोण होता, त्याचं नाव-पत्ता कळेल का? त्यानं दुसऱ्या कुणा ॲलनबद्दल सांगितलं असावं, असं काकांचं म्हणणं आहे.

साहेबांना माझा संशय आला होता का? कितीदा विचार केला. आंधळ्या माणसाला आवाज कळतात. पण ऐकायचंच असेल तर माणूस काय काय कानाआड करतो, तेही मी त्या ओसरीवर पाहिलं आहे.

पत्र आल्याचं सोनीबाईला बाजारात कळलं. ती कचेरीत आली. आता ती सूर्यमाळला भावाच्या दारात राहत होती, उन्हाळ्यात लांबून पाणी भरत होती.

“साहेब कसं हाय?”

“सुखात आहेत. भाऊ भेटला.”

ती हसली. मग म्हणाली, “तू साहेबावानी बोलतोस ना? पोरं सांगतात. बोलून दाखव.”

मी बोललो. दोन-तीन वाक्यं, इंग्रजीत. तिला अर्थ कळत नव्हता. तिनं डोळे मिटून ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेली.

पुतणीला मी उत्तर लिहिलं : पाहुणा नाशिककडे गेला, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. साहेब त्यानंतर दोन हिवाळे जगले.