हलगी शेकायला जागा

देव निर्माता आहे, त्याने आपल्याला स्वतःच्या प्रतिरूपाचं केलं, म्हणून आपल्या हातून जे देखणं घडतं त्यात त्याचा स्वभाव दिसतो, असं मी नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं शिकवत आलो. पडद्यावर फुलं दाखवायचो, मोर दाखवायचो, गोदावरीवरचा सूर्यास्त दाखवायचो. लोक खूश. आता ती चित्रं आठवली की शिसारी येते. कारण त्या पाठातलं एक वाक्य मी दरवेळी गाळत होतो. बायबलातल्या पहिल्या बागेतून बाहेर काढताना देवाने त्या पहिल्या स्त्री-पुरुषाला कातड्याचे कपडे करून घातले. म्हणजे देवाने स्वतः कातडं हाताळलं.

का गाळायचो, तर माझा बाप लातूरकडच्या एका खेड्यात हलगी वाजवायचा. दुसऱ्यांच्या लग्नांत, मांडवाबाहेर उभा राहून. कातडं तोच कमवायचा, तोच मढवायचा. चर्चमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे मी सर होतो आणि पंचकमिटीवर होतो.

मागच्या नाताळाआधी मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, भोकरहून आला. येशूजन्मावर त्याने स्वतः गाणं रचलं होतं, हलगीवरचं. उपासनेत ते व्हावं, एवढंच त्याचं मागणं. तालमीआधी आवारात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून तो हलगी शेकत बसला. कातडं तापल्याशिवाय हलगी बोलत नाही. कमिटीतले एक गृहस्थ तरातरा आले.

"अहो, चर्च आहे हे, वरात नाही! कीबोर्डात सगळे ताल आहेत. विझवा ते आधी."

"कीबोर्डात त्यो ताल कुणी घातला, साहेब? देवदूतानं?"

"हे सगळं आपण मागे टाकून आलोय. वास मारतो त्याचा."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुमी बोला की. मागल्या रविवारी निर्मिती निर्मिती करून राहिले व्हते ना?"

कातड्याच्या कपड्यांचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेवढं म्हटलं असतं तर त्या गृहस्थाला तोंड उघडायला जागा उरली नसती. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, सर, तुम्हाला कातड्याचं एवढं काय?

मी म्हणालो, "कमिटीचं बरोबर आहे. विझव."

त्याने चपलेने जाळ तुडवला. जाताना माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमाला देवाची फिकीर न्हाई, दाजी. बापाची लाज हाय." फक्त मलाच ऐकू येईल असं. त्याही वेळी त्याने माझी अब्रू राखली, याचाच राग मला वर्षभर येत राहिला. त्याचा. आणि माझाही.

तेव्हापासून तो आला नाही. बहिणीशी फोनवर बोलतो, माझं नाव काढत नाही.

यंदा नाताळाआधी पाठ पुन्हा माझ्याकडे आला. मी चित्रं दाखवली नाहीत. ते वाक्य वाचलं आणि म्हणालो, "देवाने कातडं हाताळलं. माझ्या बापानेही तेच केलं. तो हलगी वाजवायचा." पुढचं ठरवलेलं काही आठवेना. खाली बसलो.

उपासना सुटल्यावर तेच गृहस्थ दारात गाठून म्हणाले, "याची काय गरज होती, सर? लेकरांच्या सोयरिकी व्हायच्यात तुमच्या." दर रविवारी हात मिळवणारा माणूस, त्या दिवशी हात खिशातच ठेवून गेला.

घरी बायकोने भावाला फोन लावून सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता. एखादा बरा शब्द येईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

"बोलले व्हय? लई लवकर बोलले!" तो म्हणाला. "दाजीला म्हणावं, बोलून हलगी तापत न्हाई. शेकायची कुठं, ते सांगा."

आवारात आता फरशी बसवली आहे. तिच्यावर जाळ करायचा नाही, असा कमिटीचा ठराव आहे आणि त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नाताळाला येईन असं तो म्हणालेला नाही. घरातलं लोखंडी घमेलं मात्र मी गाडीत नेऊन ठेवलंय, पऱ्हाट्यांसकट.