गालिच्याला सावली
गालिचा विटू नये म्हणून मी बायकोच्या आईचं रेशमी लुगडं खिडकीला बांधलं. वाळ्याचा वास आला की अजून ते आठवतं. बायको धामणगावला भावाकडे गेली होती. अकोल्याच्या आमच्या घरातली खिडकीवरची वाळ्याची ताटी फाटली, वैशाखाचं ऊन थेट नव्या लाल गालिच्यावर येऊ लागलं, आणि पेटीतलं ते जांभळं लुगडं मला चांगलं जाड वाटलं. महिन्याने ती परतली तेव्हा गालिचा लालभडक होता. लुगडं राखेच्या रंगाचं झालेलं, तिने हात लावताच टरटर फाटलं. वारलेल्या आईची तेवढीच वस्तू तिच्याजवळ उरली होती. मी म्हटलं, "रंगाऱ्याकडून रंगवून आणतो." चिंध्या पोटाशी धरून ती म्हणाली, "उन्हाले आडच लावाचं होतं, तं सोता कावून नाही उभे राह्यले खिडकीत? तुमचा कोनता रंग जानार होता!"