अण्णांचं नाक आणि हवा-पेट्रोलचा काटा

लातूरला पाण्याची रेल्वे येत होती त्या उन्हाळ्यात मी अण्णांच्या ॲम्बॅसिडरला हवा-पेट्रोलचा काटा बसवून घेतला. सगळी गल्ली टाक्या आणि नळ्या विकत घेत होती आणि आमच्या दारात कुरिअरवाला मीटर घेऊन आला. शेजारणीनं विचारलं, "यानं पाणी मोजता येतं का?" मी नाही म्हटल्यावर तिचा रस संपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. हदगावकडच्या आमच्या घरात सरकारी नोकरीला लागलेले ते पहिले. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीला ही गाडी मिळाली आणि गाडीवर ड्रायव्हर म्हणून अण्णा. नव्या जिल्ह्याला तेव्हा धड इमारत नव्हती. आज या शाळेत, उद्या त्या गोदामात, असं चाललेलं. गाडी जिथं उभी, तिथं कचेरी, अशी लोकांची समजूत होती. अण्णा गाडी पुसत असले की लोक त्यांच्याच हातात अर्ज द्यायचे आणि अण्णा ते नीट घडी घालून आत पोचवायचे. पुढं गाडी लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली. "दुसऱ्याच्या दारात बगवनार न्हाई," एवढंच आईला म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मात्र गाडी बिघडली होती. मी दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर अण्णांना घेऊन नांदेडला बहिणीकडं जायची आणि येताना डिकीत पाण्याचे कॅन भरून आणायची. लोह्याच्या पुढं चढ लागला की गाडी गुदमरायची. मागून काळा धूर निघायचा. लातूरच्या दोन मेकॅनिकांनी कार्बोरेटर खोलून पाहिला, घासूनपुसून परत लावला. धूर तसाच.

"पेट्रोल जास्त जाऊन राहिलं," अण्णा म्हणायचे. ते मागं जाऊन धूर हुंगायचे आणि निदान करायचे. उभ्या नोकरीत त्यांचं नाक चुकलं नव्हतं.

मी फिजिक्स शिकवते. नाकावर माझा विश्वास होता, पण किती जास्त, हे नाक सांगत नव्हतं. शोधता शोधता या काट्याची माहिती मिळाली. धुराच्या नळीत एक सेन्सर बसतो. एक भाग पेट्रोल जळायला वजनानं हवेचे किती भाग आले, ते तो सांगतो. साधारण पावणेपंधरा आले तर दोघांचा हिशेब बरोबर. आकडा खाली गेला तर पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त. चढावर इंजिनला बारा-तेरा लागतात, तेव्हा तेवढं पेट्रोल जास्त असलेलं चांगलं.

काटे दोन जातींचे होते. स्वस्तातल्यात नुसते रंगीत दिवे नाचायचे, पावणेपंधराच्या आसपासच काय ते कळायचं. दुसऱ्या जातीत पूर्ण आकडा मिळत होता. मी दुसरी जात ठरवली आणि मोबाइलवर अण्णांना चित्र दाखवलं. त्यात काळ्या चौकटीत लाल आकडे होते.

"हे घड्याळ हाय का?" अण्णा म्हणाले. "गाडीत काटा पायजे. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला पायजे. आकडा वाचायला रस्त्यावरून नजर काढावी लागती."

ते बरोबर होतं. मी काट्याचा मागवला.

बसवायला आम्ही नांदेडच्या जुन्या मेकॅनिक उस्तादांकडं गेलो. अण्णांची त्यांची ओळख नोकरीपासूनची. उस्तादांनी डबा उघडला, सेन्सर हातात फिरवून पाहिला आणि नळीला भोक पाडून त्यावर नट वेल्ड केला. सेन्सर नळीच्या वरच्या बाजूनं, तोंड खाली करून बसवला, म्हणजे नळीतलं पाणी त्यात साचत नाही. डॅशबोर्डला भोक पाडायला अण्णांनी सक्त मनाई केली. मग काटा खाली पट्टीवर लावला आणि वायर पूर्वीच्या टपावरच्या दिव्याच्या बटणाच्या भोकातून ओढली.

गाडी सुरू केली. काटा सरकत सरकत सतराच्या पुढं जाऊन थांबला.

म्हणजे हवा जास्त. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा मागं गेले, धूर हुंगला आणि परत आले.

"तुझं मीटर खोटं बोलून राहिलं."

"अण्णा, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मग माझं नाक बोलतंय का?"

उस्तादांनी दोघांनाही गप्प केलं. एक प्लग काढून आमच्यापुढं धरला. काजळीनं काळाकुट्ट. पेट्रोलच जास्त होतं. माझा चेहरा पडला. बहिणीनं आधीच विचारलं होतं, पाण्याच्या दुष्काळात हे कसलं खेळणं.

उस्तादांनी मात्र प्लग परत लावला आणि चालू इंजिनावर वाकून ऐकत राहिले. साबणाचं पाणी मागवलं तर दुकानात तेवढंही नव्हतं, म्हणून बहिणीकडं भरलेल्या आमच्याच कॅनमधलं वाटीभर घेतलं. इंजिन थंड होऊ दिलं, मग नळीच्या जोडावर ते लावलं आणि गाडी सुरू केली. बुडबुडे आले.

"मॅडम, मीटर सच्चा हाय," उस्ताद म्हणाले. "पॅकिंग फुटलंय. भायेरची हवा नळीत घुसते, सेन्सर तीच मोजून राहिला. ड्रायवरसाब का नाक भी सच्चा."

नवं पॅकिंग टाकलं. काटा दहावर आला. आता यंत्र आणि नाक एका मताचे झाले. अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला.

राहिलं ते पेट्रोल जास्त का जातंय हे. उस्तादांनी एअर फिल्टरला हात घातला.

"त्याला कशाला?" अण्णा घाईनं म्हणाले. "फिल्टर मी स्वतः काढतो, साफ करतो. कुणाला हात लावू देत न्हाई."

"वोईच तो देखना है," म्हणत उस्तादांनी झाकण उघडलं. आत, हवा जायच्या तोंडावर, धोतराचं दुहेरी फडकं सुतळीनं घट्ट बांधलेलं होतं. त्यावर फुफाट्याचा लाल थर बसला होता.

"ये किसने बांधा?"

अण्णांनी सुतळीची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाले, "मीच. औंदा धूळ लई. इंजिनात जाऊ नये म्हनून."

उस्ताद आधी खाली बसले आणि मग हसायला लागले. मलाही आवरेना. ज्या माणसानं या गाडीला आयुष्यभर जपलं, त्यानंच तिचं नाक बांधून ठेवलं होतं. अण्णांनी आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. आता ते चिडणार असं मला वाटलं. पण तेही हसले, इतके की डोळे पुसायला त्यांनी ते फडकंच उचललं आणि गालावर लाल मातीचा पट्टा उमटला.

फडकं काढून नवा फिल्टर टाकला. उभ्या गाडीत काटा साडेतेरावर आला. आधीच्या मेकॅनिकांनी फिरवलेले स्क्रू उस्तादांनी काट्याकडं बघत जागेवर आणले.

परतताना लोह्याच्या चढावर डिकीत आठ कॅन होते. मी गाडी चालवत होते आणि अण्णा शेजारी बसून काटा वाचून दाखवत होते. "तेरा. साडेबारा. बारा. आता पाय सोड थोडा." गाडी एकदाही अडखळली नाही.

पुढच्या आठवड्यात कचेरीतले त्यांचे तीन निवृत्त ड्रायव्हर दोस्त काटा बघायला घरी आले. अण्णांनी गाडी सुरू केली आणि पॅकिंगपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं. फडकं कुणी बांधलं, तेही सांगितलं. त्यातले सगळ्यात थोरले मिशीला हात लावत हळूच म्हणाले, "माझ्या जीपला पण बांधलंय. घरी जाऊन काढतो."