अर्ध्या भिंतीवरची ताडपत्री

मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही; बापानं दगड घडवून शिकवलं, त्याचा अभिमान नको तर काय! पण बी.ए. होऊन गावी, साखऱ्याला परतलो, त्या दुष्काळी उन्हाळ्यात ती पदवी कुठंच उपयोगी पडेना. बा अंथरुणाला खिळला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि "घरी न्या" एवढंच म्हणाले. बाची इच्छा एकच राहिली होती : आपल्या विहारात बसून एकदा वंदना म्हणायची. विहार मात्र अर्धाच होता. पूर्वेच्या कोपऱ्यात दोन भिंती, त्याही बानंच रचलेल्या. गावच्या देवळाचा ओटासुद्धा त्याच्याच हातचा, पण त्या ओट्यावर त्याला कुणी कधी बसू दिलं नाही. दुष्काळ पडला, वस्तीतली माणसं खडी फोडायला सरकारी कामावर गेली आणि विहार तसाच राहिला. छत झाल्याबिगर वंदना न्हाई, असं वस्तीनं आधीच ठरवलं होतं.

माय एकदा हळूच म्हणाली, "नवस बोलू का रे?"

"कुणाला, माय?"

ती चुलीकडं वळली. दीक्षेच्या वेळी घरातले देव तिनंच नदीत सोडले होते. माझं उत्तर बरोबर होतं, पण दिवसभर ते मलाच टोचत राहिलं. मागायला कुणी नसेल तर माणसानं अशा वेळी हात कुठं जोडावेत, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

बाचं मन रमावं म्हणून मी त्याला कॉलेजात शिकलेलं सांगत बसायचो. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मोठमोठ्या प्रार्थनामंदिरांची गोष्ट निघाली. सगळ्या शहरानं मिळून बांधलेली ती देवाची घरं. एकेक उभं राहायला चार-चार पिढ्या लागायच्या. पाया खोदणाऱ्याला शिखर बघायला मिळायचं नाही.

शेजारचे गंगाराम काका दारातूनच म्हणाले, "चार पिढ्या? आपल्याच ठेकेदाराला दिलं असंल काम!"

बा हसला, खोकला आणि म्हणाला, "गवंड्याला आत जाऊ देत व्हते का?"

"व्हय बा. मोठ्या लोकांची जागा पुढं असायची, पण त्या लांबलचक दालनात सगळा गाव उभा राहायचा. वाटसरू तिथंच झोपायचे, व्यापारी सौदे करायचे. आणि पूर्वेचं टोक आधी बांधून तिथं प्रार्थना सुरू व्हायची. मागं काम चालूच."

बानं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "पूर्वेचं टोक तर आपलंबी झालंय की. मंग आपण काहून थांबून राहिलो?"

काकांनी उंबऱ्यावर बसून पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बराबर हाय गड्या," एवढंच बोलले.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही बाची बाज विहाराच्या त्या कोपऱ्यात नेली. मायनं दोन लुगडी जोडून वर बांधली, पण वाऱ्यानं ती टिकेनात. ऊन चढत होतं, बाचा श्वास वाढत होता. परत न्यावं का, असं मी काकांना विचारतच होतो, तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून आला. "अम्मा, गाडी पानी मांग रही." त्या उन्हाळ्यात पाणी मागणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. मायनं क्षणभर घागरीकडं पाहिलं आणि अर्धी घागर त्याच्या डब्यात ओतली.

त्यानं बाजेवर पडलेल्या बाला पाहिलं. "बाबा कू धूप में कायकू सुलाए?"

मी सांगितलं. तो ट्रककडं गेला आणि ताडपत्री खांद्यावर टाकून आला. "माल उतार के आया, गाडी खालीच है." पुढं बांधायच्या भिंतीला जोड मिळावी म्हणून बानं दोन्ही टोकांना दगड बाहेर काढून ठेवले होते. त्याच दगडांना त्यानं दोर आवळले. बघता बघता कोपऱ्यात सावली पडली. वंदना संपेपर्यंत तो कडेला उकिडवा बसून राहिला. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना बाचा आवाज फाटला, पण त्यानं एकही ओळ सोडली नाही. शेवटी भिंतीवर तळहात टेकून तो म्हणाला, "बसलो बाबा आपल्या घरात." दोर सोडून, ताडपत्री गुंडाळून ड्रायव्हर निघून गेला. त्याचं नाव विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

पाऊस पडायच्या आधी बा गेला. त्या दिवशी नेमका ट्रक थांबला, त्याला चमत्कार म्हणावं की योगायोग, या वादात मी पडत नाही. आमच्या धम्मात मागणं नाही, पण आलेल्यापुढं हात जोडणं आहे, हे मला त्या सावलीत कळलं. पुढं विहार पुरा झाला. बानं काढून ठेवलेल्या दगडांत नवी भिंत गुंतली. त्यातला एक दगड मात्र मी गवंड्याला सांगून मोकळा ठेवायला लावला. नवे लोक विचारतात, हा बाहेर काहून राहिला? मी सांगतो, आपलं काम इथवर. पुढचा दोर जो कुणी बांधील, पुढचं काम त्याच्यावर सोडायचं.