कौल घेऊन घातलेल्या शिव्या

माझ्या सख्ख्या बहिणीला अख्ख्या गावाने शिव्या घालाव्यात, अशी रीतसर व्यवस्था मी स्वतः केली होती. पीएच.डी.साठी.

विषय भारदस्त होता: प्रशिक्षकाच्या बोलण्याचा खेळाडूच्या कामगिरीवर होणारा परिणाम. मी पेडण्यात शाळेत तुटपुंज्या पगारावर पी.टी. शिकवतो, त्यामुळे खेळाडू आयतेच हाताशी. आमच्या इब्रामपूरच्या माळावर धावणाऱ्या मुलींचे दोन गट करायचे. एका गटाला फक्त कौतुक, दुसऱ्याला फक्त 'नकारात्मक प्रतिक्रिया' (म्हणजे शिव्याच, पण विद्यापीठाला चालतील अशा!). त्या मुलींत माझी धाकटी बहीण नमू होती. बाबा खाणीच्या ट्रकवर होते, ते पावसाळ्याआधी गेले. राज्याच्या संघात निवड झाली तर नमूचं राहणं, खाणं, शिकणं सगळ्याचा प्रश्न सुटणार होता. नाही झाली तर हरमलला मावशीकडे पर्यटकांच्या खोल्या झाडायच्या. आणि तिच्या वयोगटाचं हे शेवटचंच वर्ष होतं.

"चिठ्ठ्या टाकून गट पाडा," आमचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले. "तुमची आवडनिवड त्यात नको."

आई ऐकत होती. "चिठ्यो कित्याक? देवाक इचार!"

मलाही पटलं! देवाइतका निःपक्षपाती माणूस (!) कुठे मिळणार? आमच्याकडे सोयरिकीपासून विहिरीपर्यंत सगळं कौल लावूनच ठरतं. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर कौतुक, डावी पडली तर शिव्या. नमूच्या वेळी डावी पडली.

इथे माझं शास्त्र संपलं आणि गावाचं सुरू झालं. कौल म्हणजे देवाची आज्ञा, ती मी एकट्याने पाळून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी पाव देता देता पोदेर म्हणाला, "काय गो तुझा धावणा! माझी सायकल पंक्चर झाली तरी तुझ्या फुडे जायत!" रोज तिला नाचणीचं आंबील देणारी शेजारची काकी दारात उभी राहून ओरडली, "पी गो, पी! पिऊन तरी काय उजेड पाडतलंस!" आणि आत जाऊन पदराने डोळे पुसत बसली. आईचे तर फारच हाल. तिला नमूकडे बघून बोलवेना, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून "ढ गो तू, अगदीच ढ!" म्हणायची. मग हळूच मला विचारायची, "इतक्यान पुरो मा रे?"

नमू खाली मान घालून बूट बांधायची. पण धावायला लागली की वाऱ्यासारखी! रोज वेळ कमी. मी हरखलो. सरांना कळवलं. "उत्तम! चालू ठेवा!"

मग तिने जेवण टाकलं. तेव्हा मात्र माझी तंतरली. "सर, तिला कौतुकाच्या गटात घेऊ का?"

"घरचं माणूस म्हणून सूट दिलीत तर संशोधन बाद!"

मग देवाकडे धावलो. पाकळ्या दुपारपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. "देव इचार करता," म्हणत गुरवाने खांबाला टेकून डुलकी काढली. मी तसाच परतलो. 'नमू, छान धावतेस' एवढं म्हणायला सरांचीही गरज नव्हती आणि देवाचीही, हे माझ्या उच्चशिक्षित डोक्यात आलंच नाही.

निवड चाचणीला गाव टेम्पो करून डिचोलीला आला. शेवटच्या वळणावर नमू सगळ्यांच्या पुढे! आणि गावाने एका सुरात कर्तव्य बजावलं, "काय गो ह्यां रखडणा! घरा चल, गोरवां राख!" निवड करणारे माना वळवून बघायला लागले.

नमू थांबली. पडली नाही, पाय मुरगळला नाही. नुसती थांबली. आणि चालत कडेला बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी, थेट माझ्यासमोर आली.

"दादा, बाबा गेल्यापासून माका कोणी बरां म्हटल्यान नाय. ह्यांचा सोड, हे देवाक भियाले. तू कोणाक भियालंस?"

तिच्या मागून बाकीच्या मुली एकेक करून धावत पुढे निघून गेल्या. मी कसाबसा म्हणालो, "बरां धावलंस गो."

"आता?" ती म्हणाली. आणि वाकून बूट काढायला लागली.

नमू हरमलला खोल्या झाडते. माझ्याशी कामापुरतं बोलते. प्रबंध मात्र वेळेत पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळत विचारलं, "ही 'खेळाडू क्रमांक चार' तर सगळ्यांत चांगली धावत होती. मध्येच सोडून का गेली?"

"कौटुंबिक अडचण, सर."

"अरेरे!" ते म्हणाले. अडचण टाय लावून त्यांच्यासमोरच बसली होती. थोड्या वेळाने त्यांनी उठून तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर!"