तीन रिळांचा जपानी सिनेमा

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी सोलापुरात शाळामास्तर होतो. माझा मित्र तेलुगू घरातला विणकर, स्वतःचे दोन माग असलेला. मी त्याला अण्णा म्हणे, तो मला मास्तर. दोघांना एकच वेड, जुन्या सिनेमांची पोस्टरं नि फिल्मचे तुकडे जमवायचं.

मोडलेल्या एका फिल्म क्लबच्या अडगळीत मला तीन रिळं दिसली, अण्णानं ती सायकलवरून घरी नेली. जुन्या काळातल्या तलवारबाजांचा काळापांढरा जपानी सिनेमा. सुरुवात नाही, शेवट नाही, नावही नाही. शाळेचा प्रोजेक्टर आणून भर दुपारी मागांच्या खोलीत दार लावून पाहिला. भिंतीवर भातशेताच्या चिखलात माणसं कापली जात होती. एका म्हाताऱ्याचा हात मनगटापासून उडाला आणि दुसऱ्या हातानं तो चिखलात चाचपू लागला.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांना पत्रं धाडली. कुणालाच या सिनेमाचा पत्ता नव्हता. त्यामुळं आम्ही जास्तच वेडावलो. जगात कुणाकडं नाही ते आपल्याकडं आहे! मग हळूहळू दोघांनाही ते एकट्याचं हवंसं वाटू लागलं.

एका सकाळी मी अण्णाकडं रिळांचे पत्र्याचे डबे न्यायला गेलो.

"रिळं हितंच ऱ्हातील, मास्तर."

"शोधली मी!"

"आणि वाहून कुणी आणली? मीच की!"

मी डबा ओढला, त्यानंही ओढला. "सिनेमा कुटं कळतो तुला? नुसती हाव हाय!" पहिल्यांदाच त्यानं मला अरेतुरे केलं. बोलणं खरं होतं, म्हणून झोंबलं. डब्याची पत्र्याची कड मी त्याच्या कपाळावर हाणली. एकदा नाही, दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्यानं माझं मनगट धरून पिरगाळलं. आतून कडकन आवाज आला.

त्याची बायको धावत आली. "माणसं हाय का राक्षस?" म्हणत तिनं सुताची कात्री उचलली. मला वाटलं, आता भोसकते. तिनं रिळं ओढून काढली आणि बोटभर तुकडे होईतो कापली. तो कपाळ दाबून, मी मनगट धरून नुसते बघत राहिलो.

दवाखान्यात एकाच टांग्यातून गेलो. त्याला सात टाके पडले, माझ्या मनगटाला प्लास्टर. डॉक्टरांनी विचारल्यावर तो म्हणाला, "मागाचा दांडा लागला." शेजारी उभ्या उभ्या मीही मान डोलावली.

महिन्यानं प्लास्टर निघाल्यावर माफी मागायला गेलो. मी विषय काढण्याआधीच त्यानं बसवून घेतलं, चहा पाजला, सुताच्या भावाचं बोलला. सिनेमाबद्दल आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.